घरातली एक झाली

खडकी, पुणे
शुक्रवार, ७ नोव्हेंबर २०२५

चि. चंपास,
रतनचा सप्रेम जयभीम.

आम्ही इकडे सगळे ठीक. तू कशी आहेस ते विचारत नाही, कारण तू खरं सांगणार नाहीस.

पाकीट बघून घाबरू नको, कोणी गेलेलं नाही. फोन सोडून कागदावर आले त्याला कारण आहे. तुला फोन केला की मागे टेम्पोवाला ओरडत असतो, आणि नको तो विषय निघाला की तू "अक्का, गिऱ्हाईक आलंय" म्हणून फोन बंद करतेस. परवा दुपारी तीन वाजता तुझ्याकडे गिऱ्हाईक आलं. चाळीस वर्षं मंडईच्या दारात लिंबं-मिरची घेऊन बसतेस, दुपारी तीनला तिथं मांजरसुद्धा जागं नसतं हे मला माहीत नाही होय? कागद बंद करता येत नाही.

पूर्वा म्हणाली, आजी तू बोल, मी टाईप करून चंपाआजीच्या व्हॉट्सॅपवर टाकते. म्हटलं, तिच्या फोनवर तिच्यापेक्षा शेजारणीच जास्त असतात. बायकांच्या छातीची बातमी मंडईभर नको. तेव्हा हे माझ्या हातचं. मी चौथी पास, तू सातवी नापास, त्यामुळे माझ्या अक्षराला हसायचा अधिकार तुला नाही. पूर्वा उद्या शनिवारी मंडईत येणार आहे, तिच्याकडे देते.

आधी इकडची खबर. पूर्वाचं खराडीचं ऑफिस चालू आहे. दिवसभर खुर्चीत बसते आणि त्याचा व्यायाम म्हणून संध्याकाळी पैसे भरून पळायला जाते. तुझ्या-माझ्यासारखं डोक्यावर ओझं घेतलं असतं तर फुकटात भागलं असतं. माझे केस परत आले ते तू पाहिलेस, पण आता ते कुरळे येताहेत. केमोनंतर असं होतं म्हणे. एकाहत्तराव्या वर्षी मी कुरळ्या केसांची झाले. मंडळातल्या सुंदराबाई म्हणतात, पार्लरला जाऊन आलात का. रोज सकाळी एक गोळी घेते, सहा महिन्यांनी दाखवायला जाते. गेल्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी सगळं तपासलं आणि म्हणाल्या, उत्तम. मी म्हटलं, एक बाजू सपाट आहे, उत्तम कसली. त्या हसल्या. त्यांना माझी सवय झाली आहे.

आता मुद्द्यावर येते.

सोनालीचा फोन आला होता. तिच्यावर डाफरू नको, सून असून तिनं लेकीचं काम केलं. गणपतीपासून तू टोपली डाव्या बाजूला घेतेस हे तिनं बरोबर हेरलं. पाठीला तेल लावताना उजव्या अंगाला काखेच्या खाली तिच्या हाताला गाठ लागली, सुपारीएवढी, आणि तू म्हणालीस टोपली लागली. चंपे, टोपली लागून काळंनिळं होतं, गाठ होत नाही. ती दाखवायला चला म्हणाली तर आधी म्हणालीस दिवाळीचा धंदा होऊ दे. दिवाळी झाली तर म्हणतेस लग्नसराई आहे, आणि आता सहा डिसेंबर झाल्यावर बघू. त्या गाठीला तुझं कॅलेंडर वाचता येत नाही.

त्यावर तिला वर म्हणालीस म्हणे, "आमच्या घरातली एक झाली. अक्काची झाली. आता माझ्या वाट्याला कशाला येईल?"

असलं तुला कोणी शिकवलं कोण जाणे.

आमच्या महिला मंडळाची गंमत तुला सांगते, म्हणजे हा हिशेब किती येडा आहे ते कळेल. गेल्याच्या गेल्या वर्षी विहारात तपासणीचं शिबिर होतं. डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं, आपल्याकडे बायकांना जे कॅन्सर होतात त्यांत छातीचा पहिल्या नंबरला. साधारण अठ्ठावीस बायकांमागे एकीला जन्मभरात कधी ना कधी होतो. सगळ्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. का, तर मंडळात आम्ही बरोबर अठ्ठावीस. वंदनेच्या पांढऱ्या साड्या घेतल्या तेव्हाच मोजल्या होत्या. पुढच्या महिन्यात सुंदराबाईंना निघाला, आणि खोटं नाही सांगत, वाईट वाटता वाटता बायकांच्या जिवात जीव आला. आमची एक झाली, आता सत्तावीस जणी सुटल्या. सुंदराबाईंच्या दारात डब्यांची रांग. शेवयाची खीर काय, पुरणपोळी काय. जणू बाईनं सगळ्यांच्या वतीनं परीक्षा दिली होती. दुसऱ्या शिबिराला मग सहाच जणी आल्या.

वर्षाच्या आत त्याच मंडळातून मी निघाले. एक-दोघी तर माझ्यावर नाराज झाल्या, नियम मोडल्यासारख्या.

मी डॉक्टरीणबाईंना विचारलंच, अठ्ठाविसांत एक म्हणाला होतात, मग आमच्यात दोन कशा? त्या म्हणाल्या, रतनबाई, ते लाखो बायका मोजून काढलेलं आहे. एखाद्या मंडळात एकही नसेल, एखाद्यात तीन असतील. रोगाला तुमच्या मंडळाची यादी कोण देतं?

तुला तुझ्या भाषेत सांगते. लिंबाच्या पोत्यात अंदाजे किती खराब निघतील हे तू पोतं बघून सांगतेस. पण एक सडकं हाताला आलं की बाकीची चांगली, असं म्हणून पोतं शिवतेस का? उलट त्याच्या शेजारची आधी दाबून बघतेस. मी सडलेली, तू शेजारची. कळलं?

आणि दुसरं, तुला वाटतं कळलं म्हणजे संपलं. गाठ लहान असताना, जागच्या जागी असताना सापडली तर दहातल्या नऊ जणी पाच वर्षांनंतरही भाजी निवडत बसलेल्या असतात. अंगभर पसरल्यावर गेलं तर दोन-तीनच. हे त्यांनी मला बोटांवर मोजून दाखवलं. म्हणजे घाबरायचंच असेल तर उशिराला घाबर.

मंगळवारी सकाळी साडेआठला दवाखान्याच्या दाराशी ये. पूर्वानं रजा टाकली आहे. लिंबं एक दिवस सोनाली विकेल. सबबी घरी ठेवून ये.

तुझी थोरली बहीण,
रतन


खडकी, पुणे
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

चि. चंपास,
जयभीम.

मंगळवारी मी आणि पूर्वा तुझ्या नावाचा केसपेपर हातात घेऊन साडेआठपासून साडेअकरापर्यंत दाराशी उभ्या होतो. वॉचमन तीनदा म्हणाला, आजी बसा. शेवटी तुझी सोनाली आली, पिशवी घेऊन. लिंबं, मिरच्या, दोन जुड्या कोथिंबीर. लिंबांवर राग काढून काय करणार, लोणचं घातलं.

पिशवीबरोबर निरोप होता. सोनाली तो सांगताना खाली बघत होती. "आई म्हणतात, घरातली एक झाली हे अक्का स्वतःच म्हणाली होती. आता उलटं का बोलते?"

पूर्वा माझ्याकडे बघायला लागली. म्हणाली, आजी, तू असं म्हणाली होतीस? मी म्हटलं, रिक्षा बघ.

पाच दिवस झाले, कागद घेते आणि ठेवून देते. मागच्या पत्रात लिहिलं, तुला कोणी शिकवलं कोण जाणे. मला चांगलं ठाऊक होतं. मीच शिकवलं.

गेल्या वर्षी सप्टेंबरात, माझं ऑपरेशन झालं तेव्हा तू दाराबाहेर बसून होतीस, आणि तिसऱ्या दिवशी वॉर्डात आलीस. पदर तोंडात कोंबून रडत होतीस आणि शेजारच्या खाटेवरच्या बाईला वाटलं मी गेले. "अक्का, तुझ्याऐवजी मला का नाही झालं" हे एकच चालू. माझ्या अंगाला नळ्या लावलेल्या, हात हलवायची चोरी, त्यात तुझं रडगाणं. तुला गप्प करायला मी बोलून गेले, "दोघींतल्या एकीला व्हायचंच होतं. मी घेतलं, तू सुटलीस. आता रडू नको." तू लगेच गप्प झालीस. डोळे पुसलेस आणि माझ्या ताटातला अर्धा उपमा खाल्लास.

आता ऐक. त्याच दिवशी सकाळी डॉक्टरीणबाई मला सांगून गेल्या होत्या, रतनबाई, सख्खी बहीण आहे ना, तिला तपासून घ्यायला सांगा. एका बहिणीला झाला की दुसरीनं जास्त जपायचं असतं. होतोच असं नाही, पण शक्यता वाढते. मी मान डोलावली होती. चार तासांनी तू आलीस आणि मी तुला बरोबर त्याच्या उलटं सांगितलं.

का सांगितलं? तुझं रडणं सहन होत नाही हे एक. पण तेवढंच असतं तर दुसऱ्या दिवशी खरं सांगता आलं असतं. वर्षभर सांगता आलं असतं. तू येत होतीस, डबे आणत होतीस, माझे पाय चेपत होतीस, आणि म्हणत होतीस, अक्कानं माझ्या वाटचं घेतलं. ते मला आवडत होतं गं. मला रोग उगीच झाला, काही कारण नसताना झाला, यापेक्षा मी बहिणीचं ओझं उचललं हे ऐकायला बरं वाटत होतं. घरात मला कोणी हळवी म्हणत नाही आणि म्हणू पण नये, पण एवढी एक फुशारकी मी बाळगली. तुझ्या जिवावर बाळगली.

अजून एक आहे. मंडळाच्या बायकांच्या हिशेबाला मी येडा म्हटलं. त्या सत्तावीस सुटलेल्यांत मी होते हे लिहिलं नाही. सुंदराबाईंना निघाला त्याच महिन्यात अंघोळ करताना माझ्या हाताला वाटाण्याएवढं काही लागलं होतं. मी म्हटलं, आमची एक तर झाली, हे दुसरं काही असेल. खिरीचा डबा घेऊन सुंदराबाईंकडे गेले, त्यांना धीर दिला, घरी आले आणि गाठ पदराखाली ठेवली. सहा महिने. दाखवायला गेले तेव्हा ती लिंबाएवढी झाली होती आणि काखेपर्यंत पोचली होती. सगळी बाजू काढावी लागली. डावा हात अजून सुजतो, तू विचारतेस तेव्हा मी म्हणते डास चावला. आधी आले असते तर एवढं काढावं लागलं असतं का, असं मी डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, बहुतेक नाही. त्यांनी आपणहून सांगितलं नव्हतं, मी विचारलं म्हणून.

म्हणजे हा हिशेब खोटा आहे हे तुला सांगताना मला माहीत होतं. माझ्याच अंगावर मी तो तपासून पाहिला होता.

हे पूर्वाला अजून माहीत नाही. काल ती म्हणाली, आजी तुझा चेहरा उतरलाय. तिच्या मैत्रिणीनं माझ्यासाठी लोकरीचा गोळा विणून दिलाय, पोलक्याच्या रिकाम्या बाजूत ठेवायला. मी म्हटलं, गोळा टोचतोय. पोरीनं बिचारीनं तो उसवून पुन्हा कापूस भरायला घेतला. खोटं बोलायचं म्हटलं की माझं असं धडाधड चालतं बघ.

मागच्या पत्रात मी तुला हुकूम सोडला होता. जन्मभर तेच केलं. तू सहा वर्षांनी लहान, तुझी वेणी घालताना सुद्धा मी हुकूमच सोडायची. आता तसं सांगायला मला तोंड नाही. म्हणून विचारते. चंपे, येशील का?

यायचं नसेल तर नको येऊ, पण माझ्या बोलण्यावर विसंबून घरी बसू नको. मी खोटं बोलले.

तुझी,
खोटी पडलेली अक्का


दवाखाना, दुसरा मजला, बाकावरून
मंगळवार, १६ डिसेंबर २०२५, सकाळ

चंपे,

शुद्धीवर आलीस, पाणी प्यायलीस, मग हे वाच. त्याच्या आधी नर्स वाचू देणार नाही, तिला सांगून ठेवलंय.

तुला आत नेऊन वीस मिनिटं झाली. जाताना तू त्या हिरव्या गाऊनकडे बघून नर्सला म्हणालीस, याला पाठ नाही. बरोबर बोललीस. मी गेल्या वर्षी तेच म्हणाले होते. कोणी शिवलंय कोण जाणे, अर्ध्या कापडात भागवतात.

बसल्या बसल्या काय करू, म्हणून लिहिते. दुसरं पत्र पूर्वाच्या हाती पाठवलं तेव्हा मला वाटलं होतं, आता जन्मात माझं तोंड बघणार नाहीस. तिसऱ्या दिवशी सकाळी सातला दार वाजलं आणि तू उभी. जयभीम नाही, काही नाही. टोपली उंबऱ्यात ठेवलीस. मला वाटलं आता शिव्या घालशील, मी तयारी करून ठेवली होती. तू म्हणालीस, "अक्का, तू हात लावून बघ आणि सांग."

मी म्हटलं, "मी चौथी शिकलेली, मला काय कळतं? साडी नेसलेलीच आहेस, चल."

त्याच्या पलीकडे तू मला एक शब्द बोलली नाहीस. अजून बोलली नाहीस. रिक्षात गप्प होतीस, मशीनच्या खोलीबाहेर गप्प होतीस, सुईची तपासणी झाली तेव्हा फक्त माझं मनगट धरलंस, तेही सुजलेल्या हाताचं. बोलायचं असेल तेव्हा बोल. मी आहे.

डॉक्टरीणबाईंशी मात्र तुझं तोंड बरं चाललं. कॅन्सरच आहे असं त्यांनी सांगितलं तेव्हा तू सरळ बसलेली. त्या म्हणाल्या, गाठ लहान आहे, काखेत काही दिसत नाही, गाठ तेवढी काढू, बाकी ठेवू, मग रेडिएशनचा शेक देऊ. आणि म्हणाल्या, अशा वेळेला आलेल्या दहातल्या नऊ जणी तर नक्की बऱ्या राहतात. तू म्हणालीस, "बाई, नऊ कशाला, पुरे दहा करा की."

मी मान खाली घातली. मंडईत चाळीस वर्षं काढलेल्या बाईला दवाखान्यात आणलं की असंच होणार. पण डॉक्टरीणबाई इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला. म्हणाल्या, "दहा माझ्या हातात नाहीत मावशी. पण तुम्ही वेळेवर आलात, नऊमध्ये बसायला जागा आहे." तू म्हणालीस, बरं, राहू द्या मग.

मंडळातही मी सांगून टाकलं. गेल्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी वंदना झाल्यावर उभी राहिले आणि सांगितलं की सुंदराबाईंच्या खिरीच्या डब्याबरोबर माझी पण गाठ होती आणि मी लपवली. मग सुंदराबाई म्हणाल्या, "म्हणजे ती खीर तुम्ही खायला हवी होती." आणि सगळ्या हसायला लागल्या. त्याच आठवड्यात सव्वीस जणी तपासून आल्या. दोघींना सोनोग्राफीला पुन्हा बोलावलं, दोघींचं काही नाही. त्यातली एक चिडली आहे, म्हणते काही नव्हतं तर मला घाबरवलं कशाला.

पूर्वाला पण सांगितलं. रागावली. तिसऱ्या दिवशी ऑफिसातल्या पोरींना घेऊन बसली आणि दर महिन्याला स्वतःला कसं तपासायचं ते शिकवायला लागली. तुझी सोनाली पण शिकली. सोनालीला बाहेर खुर्चीवर डुलकी लागली आहे, तिला उठवत नाही. सकाळी चारपासून लिंबं भरत होती.

आत्ता एक डॉक्टर दार उघडून बाहेर आले आणि तुझं नाव घेतलं. मी उभी राहिले तर म्हणाले, बसा, अजून वेळ आहे, सगळं व्यवस्थित चाललंय, नातेवाईक कोण ते बघायला आलो. म्हटलं, मी. म्हणाले, कोण लागता? मी म्हटलं, थोरली.

वॉर्डात मी तुला म्हणाले होते की तुझ्या वाटचं मी घेतलं. चंपे, तसं काही नसतं. मला झालं ते माझं होतं, तुला झालं ते तुझं आहे. कोणी कोणाच्या वाटचं घेऊ शकत नाही, मी नाही आणि तू पण नाही. दोघींमध्ये वाटून घेता येतं ते एकच, दाराबाहेरचं बसणं. गेल्या वर्षी तू बसलीस, रडत का होईना, पण बसलीस. आज माझी पाळी.

मी रडत नाही. बाक कडक आहे, एवढंच.

बाहेरच बसलेली,
रतन